पाच-दहाची पाच-एक

माझ्या धाकट्या बहिणीची उंची पाच फूट दहा इंच आहे. ती मी स्वतः मोजलेली आहे. स्वयंपाकघराच्या चौकटीला तिला अनवाणी उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली आणि लोखंडी टेप लावला. चौकटीवरची पेन्सिलची रेघ अजून आहे. घराला रंग देताना मी रंगाऱ्याला तेवढी रेघ सोडायला लावतो. हे आधीच सांगण्याचं कारण असं की आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळानं तिची उंची पाच फूट एक इंच असल्याचं छापून जाहीर केलं होतं, आणि त्या काळात माझ्या घरात, माझ्या हातात टेप असताना, लोकांनी मलाच खोटं पाडलं.

मंडळ सुरू झालं तेव्हा आमचं गाव परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोलीच्या एका हळदीच्या अडत्याकडे मी हिशेब लिहायचो. शेठजींनी हौसेनं कम्प्युटर घेतला होता आणि त्यावर प्लॅस्टिकचं फुलाफुलांचं झाकण घालून ठेवला होता. तो चालवायला कोणीतरी पाहिजे म्हणून मी रविवारी एसटीनं नांदेडला जाऊन फॉक्सप्रो ही याद्या सांभाळायची कम्प्युटरची भाषा शिकून आलो. मंडळाचे फॉर्म तेव्हा पोत्यात असायचे. कोणाला मुलगी दाखवायची असली की सचिव पोत्यात हात घालायचे आणि जे हाताला लागेल ते स्थळ सुचवायचे. मी ते सगळे फॉर्म शेठजींच्या परवानगीनं कम्प्युटरवर घेतले. पैसे घेतले नाहीत, त्यामुळे माझ्या कामाला शेवटपर्यंत किंमत आली नाही.

कम्प्युटरला प्रत्येक रकाना कशाचा आहे ते आधी सांगावं लागतं: अक्षरांचा, आकड्यांचा, तारखेचा की हो-नाहीचा. अक्षरांच्या रकान्यात तुम्ही जे टाकाल ते तो जसंच्या तसं सांभाळतो, अर्थ विचारत नाही. आकड्यांच्या रकान्यात टाकलं की तो त्याचा अर्थ लावतो, आणि भानगड तिथून सुरू होते.

आमच्याकडे पाच फूट दहा इंचाला पाच-दहा म्हणतात आणि लिहिताना मध्ये टिंब देतात: ५.१०. हे टिंब दशांशाचं नाही. एका फुटाचे इंच बारा होतात, दहा नाही. हे माणसाला कळतं. कम्प्युटरला दिसतो पाच पूर्णांक दहा शतांश. शेवटचं शून्य त्याच्या लेखी फुकटचं, म्हणून तो ते टाकून देतो. उरतं ५.१. म्हणजे पाच फूट दहा इंचाचा माणूस आणि पाच फूट एक इंचाचा माणूस त्याच्या दृष्टीनं एकाच मापाचे.

मी उंचीचा रकाना अक्षरांचा केला होता. स्थळ जुळवायच्या वेळी टिंबाच्या डावीकडचे फूट बारानं गुणायचे, उजवीकडचे इंच त्यात मिळवायचे आणि मग तुलना करायची, असे चार ओळींचे आदेश लिहिले होते. ते बराबर चालायचे. तक्रार कधी आली नाही, म्हणून ते आदेश तिथे आहेत हे कोणाला माहीतही नव्हतं.

मग हिंगोली जिल्हा झाला. जिल्ह्याला कलेक्टर आला, एसपी आला, आणि आमच्या मंडळाला आपण आता जिल्हा मंडळ आहोत याची जाणीव आली. अध्यक्षांचं खता-बियाण्याचं दुकान होतं. त्यांनी बैठक बोलावली आणि सांगितलं की जिल्ह्याच्या मंडळाचा कार्यक्रम काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत चालणं शोभत नाही. त्यांचा भाचा पुण्याला कम्प्युटरचं शिकून कंपनीत लागला होता. तो व्हिज्युअल बेसिक नावाच्या नव्या भाषेत नवा प्रोग्राम करणार होता.

भाचा दिवाळीला आला तेव्हा प्रोग्राम तयार होता. उघडला की गुलाबी पडदा यायचा, एका कोपऱ्यात मुंडावळ्या बांधलेलं जोडपं आणि दुसऱ्या कोपऱ्यात अध्यक्षांचा फोटो. समितीनं टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, ‘जुना डेटा कसा घेतला?’

‘काका, पूर्ण बॅकवर्ड कम्पॅटिबल आहे.’

‘म्हणजे?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘मामा, जुनं सगळं नव्यात जसंच्या तसं चालणार. काही बदलायला नको.’

सचिव निवृत्त तलाठी होते. बॅकवर्ड म्हटल्यावर त्यांनी त्याला दाखला लागतो का, एवढंच विचारलं.

‘उंचीचा रकाना कशाचा ठेवला?’ मी विचारलं.

‘नंबर. उंची म्हणजे नंबरच ना काका.’

मी त्याला टिंबाचं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, एवढं बारीक कोण बघतं. मी म्हणालो, टिंब नको असेल तर सरळ इंचात ठेव. पाच फूट दहाचे सत्तर इंच. मग आकडा खराच आकडा राहील.

‘सत्तर?’ अध्यक्ष म्हणाले. ‘पोरीच्या नावापुढं सत्तर छापायचं? लोकायला वाटंल वय हाय.’

समिती इतकी हसली की चहा सांडला. इंच तिथेच संपले. शिवाय वसमत, सेनगाव, औंढ्याच्या शाखांकडे माझ्या जुन्या साच्याच्या फ्लॉप्या होत्या, छापील फॉर्म होते. ते बदलायचे तर खर्च. म्हणून ठरलं असं की लोकांनी लिहायचं जुन्या रीतीनं, शाखांनी भरायचं जुन्या साच्यात आणि समजून घ्यायचं नव्या प्रोग्रामनं. त्याला समजत नसेल तर ती लोकांची जबाबदारी.

पहिली यादी निघाली आणि नमुने दिसायला लागले. ज्यांनी जन्मतारीख भरली नव्हती, त्यांचा रकाना माझ्याकडे रिकामा असायचा. नव्या भाषेत रिकामी तारीख म्हणून काही नसतं. तिथली तारखांची मोजणी एका ठरावीक दिवसापासून सुरू होते, आणि रिकामं म्हणजे तो दिवस. त्यामुळे समाजातले बरेच उपवर तीस डिसेंबर अठराशे नव्व्याण्णव रोजी जन्मल्याचं छापून आलं. शंभरी ओलांडलेले, निर्व्यसनी, घरी ओलीत.

मंगळाचा रकाना हो-नाहीचा होता. नव्या भाषेत ‘हो’ म्हणजे उणे एक. का, ते भाच्यालाही सांगता आलं नाही. यादीत मंगळ असलेल्या मुलींपुढे छापलं होतं: मंगळ, उणे एक. लोक ते घेऊन गुरुजींकडे गेले. गुरुजींनी पंचांग पाहून सांगितलं की उणे मंगळ हा सौम्य असतो, उलट फायद्याचा. त्या वर्षी उणे मंगळाच्या मुलींना चांगली स्थळं आली. ज्यांना मंगळ नव्हता त्यांच्यापुढे नुसतं शून्य होतं, आणि त्यांचे बाप अध्यक्षांच्या दुकानात येऊन विचारायचे, आमच्या पोरीला शून्य काहून दिलं.

हे दोन्ही घोळ लगेच दुरुस्त झाले. तारखेचा झाला कारण सचिवांचा पुतण्या शंभर वर्षांचा निघाला होता. मंगळाचा झाला कारण दुकानात गर्दी व्हायला लागली आणि खत घेणारे मागच्या मागे जायला लागले. उंचीचा राहिला. आमच्या समाजात पाच-दहाची माणसं असतात किती? जी असतात त्यांचं समितीवर कोणी नव्हतं. दुरुस्ती कशी आणि कोणासाठी होते हे मी पुढे बऱ्याच कचेऱ्यांमध्ये पाहिलं, पण शिकलो इथेच.

आता बहिणीचं सांगतो. ती एका विनाअनुदानित शाळेत खेळाची बाई होती. शिट्टी वाजवली की दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जायची. तिला बघायला येणारे यायचे, पोहे खायचे, ती आत जायला उठली की एकमेकांकडे बघायचे आणि कळवतो म्हणून जायचे. उंचीचं तोंडावर कोणी बोलायचं नाही. पत्रिका जमत नाही म्हणायचे. न बघितलेल्या पत्रिकासुद्धा जमायच्या नाहीत.

माय थकली होती. वडील गेल्यापासून हे एकच काम तिच्या डोक्यात होतं. सिद्धेश्वर धरणाखालून एका बिजवराचं स्थळ आलं होतं. बायको वारलेली, वय चाळिशीच्या पुढे, मोठी मुलगी दहावीला. जमीन ओलिताची, दोन विहिरी. त्याला उंचीची हरकत नव्हती. निरोप आणणाऱ्यानं सांगितलं की त्यांना घरात कामाला धट्टीकट्टी बाई पाहिजे.

‘बैल बघून राहिले का बायको?’ बहीण म्हणाली.

‘तोंड सांभाळ,’ माय म्हणाली. ‘यंदाच्या यादीत नाव दिऊ. मंडळाचा मेळावा होईपर्यंत थांबते मी. तोवर जमलं तर जमलं. न्हाई तर धरणवाल्याला हो म्हणते. मंग मला काही सांगायचं न्हाई.’

बहिणीनं गळ्यातली शिट्टी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाली, ‘बरं. मेळाव्यापर्यंत.’

ती शब्द मोडणारी नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

फॉर्म मी भरायला बसलो तेव्हा माय मागे येऊन उभी राहिली.

‘उंची पाच-सहा लिही.’

‘पाच-दहा आहे.’

‘मला म्हाईत हाय किती हाय ते. मी जन्म दिला तिला. सगळे कमी करून सांगतात. तू काहून लय इमानदार होऊन राहिला?’

मी पाच-दहा लिहिलं. पोरांच्या उंच्या दोन इंच वाढवलेल्या आणि पोरींच्या कमी केलेल्या असतात, हे फॉर्म भरून भरून मला पाठ झालं होतं. पण मी एकदा कमी लिहिलं असतं तर दुसऱ्याचा फॉर्म तपासायचं तोंड मला राहिलं नसतं.

यादी छापून आली. बहिणीच्या नावापुढे ५.१.

मायनं ती चष्मा लावून वाचली आणि माझ्याकडे बघितलं. ‘मी चार इंच कमी कर म्हणलं तर केलं न्हाई. त्या मशिनीनं नऊ केले. तिला काही वाटलं न्हाई.’

यादीबरोबर मंडळ प्रत्येक वराच्या घरी जुळणाऱ्या मुलींची चिठ्ठी पाठवायचं. वर वधूच्या बरोबरीचा किंवा उंच पाहिजे, हा नियम. पाच-एकच्या मुलीला सगळा समाज चालत होता. आमच्याकडे स्थळांची रीघ लागली.

पहिलं आलं ते वसमतचं. मुलगा कापसाच्या व्यापाऱ्याकडे वजनकाट्यावर होता, उंची पाच-दोन. बरोबर वडील आणि मामा. मी त्यांना पाणी द्यायच्या आधी सांगितलं की यादीत चूक आहे, मुलगी पाच फूट दहा आहे.

मामांनी खिशातून चिठ्ठी काढली, घडी उलगडली, माझ्यापुढे धरली. ‘हे काय हाय? पाच-एक. कम्प्युटरवर हाय.’

‘तो कम्प्युटर शून्य खातो. मी टेपनं मोजली आहे.’

‘दादा, दुनिया पोरीची उंची कमी करून सांगते. तुमी वाढवून सांगून राहिले. तुमाला पोरगी द्यायची न्हाई का? तसं सांगा, आमाला परतीची गाडी हाय.’

‘मला खरं सांगायचं आहे.’

‘खरं चिठ्ठीवर हाय,’ मामा म्हणाले आणि मांडी घालून बसले.

बहीण ट्रे घेऊन वाकून आली आणि पटकन पाटावर बसली. बसल्यावर ती सगळ्यांसारखीच दिसायची. उंची सगळी पायांत होती. प्रश्न झाले. स्वयंपाक येतो का, नोकरी सोडणार का, आवडी काय काय. मुलगा लाजत होता आणि बरा वाटत होता. मामा माझ्याकडे बघून मान हलवत होते, बघा, बरोबर पाच-एक.

‘जा बाई आता,’ वडील म्हणाले.

ती उठली. आधी गुडघे सरळ झाले, मग पाठ, आणि आता झालं असं वाटावं तेव्हा अजून थोडी उरली होती. मुलाची नजर तिच्याबरोबर वर वर जात राहिली आणि टोपी मागे पडली.

मामांनी चिठ्ठी पुन्हा काढली आणि तिच्याकडे बघून पुन्हा चिठ्ठीकडे बघितलं.

‘पत्रिका बघून कळवतो,’ ते म्हणाले.

ते गेल्यावर बहिणीनं उरलेले पोहे स्वतःच्या ताटात ओतून घेतले. ‘दादा, आता मी पाच-एक हाय. आजपासून डोकं चौकटीला लागलं न्हाई पाहिजे. लागलं तर मंडळाकडं तक्रार करीन.’

तशी स्थळं अजून येत राहिली आणि तशीच जात राहिली. मी अध्यक्षांच्या दुकानात टेप घेऊन गेलो. त्यांनी युरियाच्या पोत्यावर बसूनच भाच्याला पुण्याला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

‘काका, डेटा तुमच्याकडून जसा आला तसाच आहे.’

‘माझ्याकडे पाच टिंब एक शून्य होतं.’

‘तेच तर आहे काका. पाच पॉइंट एक शून्य आणि पाच पॉइंट एक, दोन्ही सेमच. शाळेत शिकवलंय आपल्याला.’

‘आणि पाच-नऊचा माणूस पाच-दहापेक्षा उंच कसा झाला?’

तो म्हणाला, ‘आता रकाना बदलला तर जुने रिपोर्ट चालणार नाहीत. कम्पॅटिबिलिटी जाईल.’

मी फोन ठेवला. अध्यक्ष म्हणाले, ‘एका पोरीसाठी साऱ्या जिल्ह्याचा प्रोग्राम फोडायचा का? सांगा तुमीच. तुमी हिशेबी माणूस हाव.’

मी घरी जाऊन माझ्या जुन्या फ्लॉपीवरून पाच-दहावाल्या वरांची नावं काढायला बसलो, पण ती नांदेडच्या क्लासच्या काळातली होती. नवीन नावं शाखांनी भरली होती, त्यांच्या फ्लॉप्या भाच्याकडे पुण्याला. एकदा शून्य गेलं की ५.१ मधला खरा कोणता आणि कापलेला कोणता हे कम्प्युटरकडून काढता येत नाही. ते फक्त माणसाला समोर उभं करून कळतं.

आणि नेमकं तेच मेळाव्यात झालं.

मेळाव्यात स्थळांना स्टेजवर बोलवायची आमच्या मंडळाची खास पद्धत आहे. इतर ठिकाणी शिक्षणानं बोलवतात, वयानं बोलवतात. आमच्याकडे उंचीनं. एका उंचीचे वर डावीकडे, वधू उजवीकडे, समोर नातेवाईक. सचिवांचं म्हणणं, त्यात वेळ वाचतो. बाकीचं सगळं घरी जाऊन विचारता येतं, जोडा कसा दिसतो ते एका नजरेत कळतं. मंगल कार्यालय भरलेलं होतं. माय पहिल्या रांगेत बसली होती. धरणवाल्याचा निरोप्या मागे खांबाला टेकून उभा होता. त्याला त्याच दिवशी उत्तर पाहिजे होतं.

सचिवांनी माइकवर फुंकर मारली. ‘उंची पाच-एक. या.’

ठेंगण्या मुलींची ओळ उजवीकडे उभी राहिली. शेवटी माझी बहीण चढली. खालून हसू उठलं.

‘ए बाई, तुझा गट न्हाई हा,’ सचिव म्हणाले.

‘यादीत बघा.’

त्यांनी बघितलं. यादीच्या विरोधात ते आयुष्यात कधी गेले नव्हते. ‘बराबर हाय. उभी राहा.’

डावीकडेही हसू उठलं, आणि तिकडचं जरा मोठं होतं. मुलांच्या ओळीत एक जण असा उभा होता की बाकीचे त्याच्या खिशाशी बोलत असावेत असं वाटत होतं. कोणीतरी ओरडलं, ‘खाली बस ना भाऊ.’ तो एसटीत कंडक्टर होता, घर साखऱ्याकडचं, शेती जिरायती. त्याला खाली मान घालून उभं राहायची सवय दिसत होती. गाडीत उभं राहून ती लागलेली असणार.

फोटोवाला म्हणाला, हे दोन टोकाचे फ्रेममध्ये बसत नाहीत. सचिवांनी माइकवरूनच हुकूम सोडला, ‘तुमी दोघं मागं व्हा. मधात. बाकीच्याला दिसू द्या.’

ते मागे जाऊन मधोमध शेजारी शेजारी उभे राहिले. मी स्टेजच्या बाजूला, स्पीकरच्या वायरीजवळ होतो. मला ऐकू येत होतं.

‘तुमाला बी टिंबानं खाल्लं का?’ त्यानं समोर बघत विचारलं.

‘शून्य गेलं. टिंब जाग्यावर हाय,’ ती म्हणाली.

तो विचार करत राहिला. मग त्याला समजलं असावं, कारण त्याचे खांदे हलले. ‘ह्या यादीपासून मला बुटक्याच पोरी दाखवून राहिले. एकीच्या बापानं सांगितलं, आधी खाली उतरा, मंग बोलू.’

‘मला बघायला वजनकाट्यावाला आला होता.’

‘मंग?’

‘मोजायचं राहून गेलं त्याचं.’

फोटो निघाला. तो फोटो माझ्याकडे आहे. पुढे सगळी पाच-एकची ओळ, आणि मागे खांद्यापासून वर ते दोघं, हसत.

ओळ खाली उतरली तरी ते दोघं पायऱ्यांपाशी बोलत थांबले. माय उठून गेली. तिनं कंडक्टरला वरून खालपर्यंत बघितलं. त्यात वेळ गेला.

‘दारू?’

‘न्हाई.’

‘ड्युटी कोणती?’

‘मुक्कामी गाडी. एक दिवसाआड घरी.’

‘घरी आलास की बसतो का उभाच ऱ्हातो?’

‘बसतो ना माय. दिवसभर तेच तर मनात असतं.’

मायनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, पण तिला माझ्या मताची गरज नव्हती. ती बहिणीकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघायची, एवढंच. बहीण म्हणाली, ‘मला बोलू द्या अजून जरा.’ आणि ते दोघं रसवंतीकडे गेले. माय मागे खांबापाशी गेली आणि निरोप्याला म्हणाली, ‘त्यायला सांगा, दुसरं बघा. आमची पोरगी पाच-एक हाय, तुमच्या कामाची न्हाई.’

लग्न उन्हाळ्यात झालं. मंडळाच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर त्यांचा फोटो आला, दोघांच्या मधे हार घातलेले अध्यक्ष, त्यांच्या खांद्याला लागलेले. खाली छापलं होतं: नवीन संगणक प्रणालीचे यश. वर ५.१, वधू ५.१. उंची तंतोतंत जुळली.

मी अहवाल घेऊन दुकानात गेलो. ‘हे दोन्ही आकडे चूक आहेत,’ मी म्हणालो.

‘जुळले न्हाई का?’ अध्यक्ष म्हणाले.

जुळले होते. मी अहवालाची घडी घालून खिशात ठेवली.

त्यानंतर प्रोग्राम दुरुस्त होण्याची आशा संपली. उंच मुलींच्या आया चौकशी करायला लागल्या की पाच-एकच्या रांगेत कसं जायचं. सेनगावकडची एक बाई मुलीला घेऊन थेट माझ्या घरी आली. मी चौकटीला उभी करून मोजली: पाच-नऊ.

‘पाच-दहा लिवा ना दादा. एका इंचानं काय होतं. पाच-नऊच्या रांगेत कोणीच नसते हो.’

मी पाच-नऊ लिहिलं. तिनं शाखेत जाऊन दुसरा फॉर्म भरला.

आणि ज्या मुली खरोखर पाच फूट एक इंच होत्या, त्यांना त्या उंच खांबांच्या ओळीत उभं राहायची लाज वाटायला लागली. त्या पाच-दोन लिहायला लागल्या. काही वर्षांत आमच्या समाजात पाच फूट एक इंचाची मुलगी उरलीच नाही. पाच-एक म्हणजे उंच, हे लेकराबाळांना कळायला लागलं. प्रोग्राम चुकलेला होता, तो आता बरोबर झाला. प्रोग्रामला कोणी हात लावला नव्हता. लोकांनी आपल्याला त्याच्या मापाचं करून घेतलं होतं.

अगदी अलीकडे नाही, पण बरंच नंतर, मंडळ इंटरनेटवर न्यायचं ठरलं. भाचा तोवर परदेशात होता. वसमतची एक इंजिनिअर मुलगी काम करायला पुढे आली. बैठकीत ती वही उघडून म्हणाली, ‘उंचीचा डेटा चुकीचा आहे. मी सगळ्यांना पुन्हा विचारून इंचात ठेवणार आहे.’

मी म्हणालो, ‘ठेव.’ इतक्या वर्षांत हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं.

बाकी सगळी समिती विरोधात. आता समितीवर बायका होत्या. ‘पाच-एकची रांग मोडू नका. आमच्या पोरी कुठं उभ्या करायच्या?’ अध्यक्ष आता कानानं कमी ऐकायचे, तेही म्हणाले, ‘जुनं हाय तसं चालू द्या.’

माझी बहीणही समितीवर होती. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या घरी पाच-दहा म्हणजे काय हे दोघांनाही पुरतं माहीत होतं. ती माझी बाजू घेईल असं मला वाटलं.

‘राहू दे दादा,’ ती म्हणाली. ‘चूक व्हती तवा तुमी एकटे लढले. आता चूक न्हाई ती. आता पत्ता हाय तो.’

इंजिनिअर मुलगी वैतागली. ‘ताई, मग मी काय समजू? पाच-एक म्हणजे नक्की किती?’

माझी बहीण खुर्ची मागे सारून उभी राहिली. आधी गुडघे, मग पाठ, आणि मग उरलेली.

‘इतकं,’ ती म्हणाली.

मुलीनं तिच्याकडे मान वर करून बघितलं. मग वहीत काहीतरी खोडलं आणि उंचीचा रकाना अक्षरांचा केला, मी पहिल्यांदा केला होता तसा. त्यात आता ५.१ हे जसंच्या तसं राहतं. तो अर्थ विचारत नाही.